हुरडा रविवारी होईल का? पिकाची अवस्था आधी ओळखण्याचा हिशोब

यंदा 1 जानेवारीला सकाळीच साताऱ्याकडच्या औंधहून मामांचा फोन आला. "रविवारी पुण्याची पावणी येत्यात, वीस माणसं हायेत. हुरडा हुईल का रं तवर? गेल्या साली 92 दिवसांत झालता. यंदा रविवारी 92 भरत्यात, पन दाना दाबला की नुसतं दूध येतंय."

मामांची ती ज्वारी खास हुरड्याची, फुले मधुर. बी तेच, रान तेच, पाणीही गेल्या वर्षीइतकंच. दिवसही तेवढेच भरणार होते. तरी दाणा मागे होता, आणि मामांना वाटत होतं की बियाण्यात काहीतरी भेसळ झाली असणार.

बियाण्यात काही खोट नव्हती. मी अर्धा तास कागद-पेन घेऊन बसलो आणि त्यांना तारीख काढून दिली. ती दोन दिवसांनी चुकली. पण ती कशी काढली आणि कशामुळे चुकली, हे दोन्ही समजून घेतलं तर ज्वारी, गहू, मका यांच्यापैकी कुठल्याही पिकाची पुढची अवस्था कधी येईल याचा बऱ्यापैकी अंदाज घरबसल्या बांधता येतो. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी अवस्थांबद्दल. माण-खटावच्या किंवा जत-आटपाडीच्या कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला विचारा, ज्वारी कुठवर आली? तो तारीख सांगत नाही. "पोटरीत हाय", "निसवली" (कणीस बाहेर पडलं), "फुलोऱ्यात हाय", "चिकात हाय" (दाण्यात दूध भरतंय), "हुरड्याला आली" असं सांगतो. यातला एकेक शब्द नेमका आहे. पोटरी घ्या. कणीस अजून बाहेर आलेलं नसतं, शेवटच्या पानाच्या आवरणात गुंडाळलेलं असतं आणि ते आवरण माणसाच्या पायाच्या पोटरीसारखं फुगतं. तो फुगवटा बोटांत धरून हलकेच दाबला तर आतलं मऊ कणीस हाताला लागतं. ज्यानं कुणी या अवस्थेला पहिल्यांदा पोटरी म्हटलं, त्यानं ते हात लावून बघितलं होतं, यात मला शंका नाही.

जगभरच्या शास्त्रज्ञांनी हेच काम आकड्यांत केलं. 1974 मध्ये झाडोक्स, चँग आणि कोन्झॅक या तिघांनी तृणधान्यांसाठी 00 ते 99 अशी मोजपट्टी मांडली, आणि आजही गव्हावरच्या कामात ती सर्रास वापरली जाते. तिची दशकं आपल्या शब्दांवर जवळपास चपखल बसतात. 10 च्या घरात रोपाची पानं, 20 च्या घरात फुटवे, 30 ला कांडी धरणं (काडी उंच वाढायला लागणं), 40 ला पोटरी, 50 ला निसवणं, 60 ला फुलोरा, 70 ला चीक, 80 ला हुरडा आणि त्यापुढचा घट्ट दाणा, 90 ला पक्वता. आकड्याचा फायदा एवढाच की जतचा शेतकरी आणि पंजाबातला शास्त्रज्ञ एकाच गोष्टीबद्दल बोलताहेत याची खात्री राहते.

आता मूळ प्रश्न. एका अवस्थेतून दुसरीत जायला पिकाला किती वेळ लागतो?

कृषी विद्यापीठांच्या शिफारशींत याचं उत्तर दिवसांत छापलेलं असतं. गव्हाला मुकुटमुळं फुटण्याची अवस्था पेरणीनंतर 18 ते 21 दिवसांनी. रब्बी ज्वारी 50 ते 55 दिवसांनी पोटरीत, 70 ते 75 दिवसांनी फुलोऱ्यात, 90 ते 95 दिवसांनी दाणे भरण्याच्या अवस्थेत. हे आकडे उपयोगी आहेत, पण ते सरासरीचे आहेत. ठरलेल्या वेळी पेरलं आणि थंडी नेहमीसारखी पडली तर ते बरोबर येतात.

घरातलं विरजण आठवा. तेच दूध, तेवढंच विरजण. एप्रिलमध्ये संध्याकाळी लावलं की सकाळच्या आत दही घट्ट. डिसेंबरात तेच पातेलं सकाळी उघडावं तर दूध तसंच. मग आई ते घोंगडीत गुंडाळून चुलीजवळ ठेवायची. "दही बारा तासांत लागतं" हे वाक्य खरंही आहे आणि खोटंही, कारण दही लागणं घड्याळावर अवलंबून नसतं, ते मिळालेल्या उबेवर अवलंबून असतं. पिकाचंही तसंच. माणसाच्या किंवा म्हशीच्या अंगात स्वतःची ऊब असते, थंडीतही शरीर 37-38 अंशांवर राहतं. रोपाला ती सोय नाही. पेशी फुटणं, पान लांबणं, दाण्यात पीठ साठणं ही सगळी कामं भोवतालच्या हवेच्या आणि मातीच्या तापमानानुसार भराभर किंवा सावकाश होतात.

ही गोष्ट फ्रान्समधल्या रेओम्यूर या शास्त्रज्ञानं 1735 मध्येच मांडली होती. एखादं पीक पिकायला रोजच्या तापमानांची एक ठरावीक बेरीज लागते, ती गरम वर्षी लवकर पुरी होते आणि थंड वर्षी उशिरा, असं त्याचं म्हणणं. जवळजवळ तीनशे वर्षं झाली, त्यात पुष्कळ सुधारणा झाल्या, पण गाभा तोच राहिला.

हिशोब असा. दिवसाचं कमाल आणि किमान तापमान घ्यायचं, त्यांची सरासरी काढायची आणि त्यातून त्या पिकाचं पायाभूत तापमान वजा करायचं. पायाभूत तापमान म्हणजे ज्याच्या खाली पिकाची वाढ जवळपास थांबते ती पातळी. गार दुधात विरजण अजिबात लागत नाही, तसं. ज्वारीसाठी ते 8 ते 10 अंश धरतात, मक्यासाठी 10, गव्हासाठी 0 ते 5. गहू थंडीतला गडी, म्हणून त्याचा पाया खाली. वजाबाकी करून जे उरतं ते त्या दिवसाचे अंश-दिवस. रोजचे अंश-दिवस वहीत मांडत जायचे आणि बेरीज करायची. मक्याला आणखी एक नियम लावतात: कमाल तापमान 30 च्या वर गेलं तरी हिशोबात 30 च धरायचं, कारण त्यापुढची उष्णता मक्याला वाढायला कामी येत नाही.

आता मामांचा हुरडा. गेल्या वर्षी त्यांनी 20 सप्टेंबरला पेरणी केली होती. 92 दिवस 21 डिसेंबरला भरले आणि हुरडा झाला. यंदा रानात वाफसाच (पेरणीजोगी बेताची ओल) येईना, म्हणून पेरणी 4 ऑक्टोबरला झाली. त्या हिशोबानं 92 दिवस 4 जानेवारीला भरत होते. मधले अडीच महिने दोन्ही वर्षी सारखेच धरले, तर फरक फक्त टोकांना उरतो. गेल्या वर्षीच्या पिकाला सप्टेंबरअखेरचे 14 दिवस मिळाले, यंदाच्या पिकाला त्यांच्या बदली डिसेंबरअखेरचे 14 दिवस.

सप्टेंबरअखेरीला कमाल 30, किमान 21 धरलं. सरासरी साडेपंचवीस. पायाभूत 10 वजा करून रोजचे 15.5 अंश-दिवस. चौदा दिवसांचे 217.

डिसेंबरअखेरीला कमाल 28, किमान 11. सरासरी साडेएकोणीस. रोजचे 9.5, चौदा दिवसांचे 133.

म्हणजे 92 दिवस भरूनही पीक 84 अंश-दिवसांनी मागे. जानेवारीत रोजचे साडेनऊच पदरात पडतात, तेव्हा 84 भरून निघायला जवळपास 9 दिवस हवेत. 4 जानेवारी अधिक 9, म्हणजे 13 जानेवारी. मी मामांना सांगितलं, "या रविवारी पाहुण्यांना बोलावू नका. भोगीला हुरडा होईल."

मामांनी पाहुण्यांना पुढं ढकललं, पण ते रोज सकाळी रानात जाऊन दाणा बघत राहिले. शुक्रवारी 9 तारखेला दाणा चिमटीत दाबला तर दुधाऐवजी घट्टसर चीक. शनिवारी संध्याकाळी दाबला तर दाणा दबला, पण फुटला नाही, आणि तोंडात टाकला तर गोड. ही गोडी टिकत नाही, कारण दाण्यातल्या साखरेचं रोज पिष्ट होत जातं आणि आठवडाभरात हुरड्याची ज्वारी होते. मामांनी रात्रीच फोन लावले आणि रविवारी, 11 तारखेला, आगटी पेटली.

माझा हिशोब दोन दिवसांनी चुकला होता.

मी परत कागद काढला. पायाभूत तापमान 10 ऐवजी 8 धरलं तर? तूट तेवढीच राहते, 84. पण जानेवारीतली रोजची भर 9.5 वरून 11.5 होते आणि 84 भागिले 11.5 म्हणजे सव्वासात दिवस. तारीख येते 11 जानेवारी. अगदी बरोबर! मला क्षणभर वाटलं, सापडलं. मग थांबलो, कारण दोन दिवसांच्या फरकाचं आणखी एक कारण असू शकतं आणि ते ज्वारीच्या बाबतीत फार मोठं आहे: दिवसाची लांबी.

ज्वारी ही लहान दिवसाची वनस्पती आहे. दिवस आखूड होत चालले की शेंड्याला पान बनवणं थांबवून कणीस बनवायची सूचना मिळते. आपल्या साताऱ्यात जूनमधला सगळ्यांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास असतो, डिसेंबरमधला सगळ्यांत लहान अकरा तासांचा. दोन-सव्वादोन तासांचा हा फरक आपल्या लक्षातही येत नाही, पण शाळूच्या, म्हणजे रब्बी ज्वारीच्या, बऱ्याच वाणांना तो चांगला कळतो. असा वाण लवकर पेरला तर तो जादा पानं काढत वाट बघतो. उशिरा पेरला तर दिवस आधीच आखूड झालेले असतात, म्हणून तो कणीस धरायची घाई करतो. पेरण्या पंधरा दिवसांच्या अंतरानं झाल्या तरी फुलोरे तेवढ्या अंतरानं येत नाहीत, ते जवळ सरकतात. मामांची यंदाची पेरणी उशिराची होती. ते दोन दिवस त्या घाईनंही मिळवलेले असतील. एका हंगामावरून कुठलं कारण खरं, हे सांगता येणार नाही. तीन-चार हंगामांची वही हवी.

इथे नक्षत्रांबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. उत्तरा-हस्तावर शाळू पेरायची आपली रीत. शेतीतली ही नक्षत्रं सूर्याची. सूर्य एका नक्षत्रात तेरा-चौदा दिवस राहतो, म्हणून हस्त दरवर्षी 27 सप्टेंबरच्या आसपासच लागतो. म्हणजे नक्षत्र पाहून पेरणारा माणूस नकळत दिवसाची लांबी पाहून पेरत होता. हत्तीचा पाऊस पडो न पडो, त्या नक्षत्रावर दिवस दरवर्षी तेवढ्याच लांबीचा असतो. लहान दिवसाच्या पिकासाठी याहून चांगलं कॅलेंडर बनवता येणं अवघड आहे, आणि मला आपल्या पूर्वजांच्या या निरीक्षणाचं खरंच फार अप्रूप वाटतं. नक्षत्र फक्त एक गोष्ट सांगू शकत नाही: यंदाची थंडी कशी पडेल. तिथे अंश-दिवस लागतात.

गव्हाचं गणित ज्वारीपेक्षा सरळ आहे, कारण आपल्याकडचे वाण दिवसाच्या लांबीवर फारसे अडून बसत नाहीत. युरोपातल्या हिवाळी गव्हाला कणीस धरण्याआधी कित्येक आठवडे कडक थंडी लागते. तो गहू फलटणला पेरला तर नुसती पानं काढत बसेल. आपल्या गव्हांना ती अट नाही. पाया 0 धरला, तर गव्हाला उगवून यायला साधारण 100 ते 120 अंश-दिवस आणि त्यानंतर मुख्य काडीवर एकेक पान यायला सुमारे 100 अंश-दिवस लागतात. 15 नोव्हेंबरच्या सुमाराला दिवसाची सरासरी 22 धरा. 21 दिवसांचे 462. त्यातले 120 उगवणीचे गेले, उरले 342, म्हणजे साडेतीन पानं. बांधावर बसून मुख्य काडीची पानं मोजा, तेवढीच दिसतील, आणि रोप हळूच उपटून बघितलं तर जमिनीच्या पृष्ठभागालगत बारीक पांढरी मुकुटमुळं फुटायला लागलेली दिसतील. पहिलं महत्त्वाचं पाणी नेमकं तेव्हा हवं असतं. छापलेले 21 दिवस असे साडेतीन पानांत उतरतात.

हाच गहू पसरणी घाट चढून वर नेला तर? वाईहून पाचगणी साडेपाचशे मीटरच्या वर आहे. इतकं वर गेल्यावर हवा साडेतीन-चार अंशांनी गार होते, हे घाटातून मोटरसायकलवर गेलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. सरासरी 22 ऐवजी 18 आली की तेच 462 अंश-दिवस भरायला 26 दिवस लागतात. वाईचं बघून पाचगणीच्या गव्हाला एकविसाव्या दिवशी पाणी दिलं तर मुळं अजून फुटायचीच आहेत. (वरची ती गार, दमट हवा तांबेरा या रोगालाही मानवते. महाबळेश्वरला गव्हाच्या तांबेऱ्यावर काम करणारं संशोधन केंद्र आहे ते त्यामुळेच.)

उशिरा पेरलेल्या गव्हाचं उलटं होतं. ऊस तुटायला उशीर झाला की कृष्णाकाठी गहू डिसेंबरच्या मध्यावर पडतो. त्याचा दाणा भरायचा काळ मार्चमध्ये जातो. तेव्हा रोज 27-28 अंश-दिवस पडायला लागतात, बेरीज भराभर पुरी होते आणि पिकाला वाटतं, आपलं वय झालं. दाणा भरायला ऊन आणि पान यांना जितके दिवस हवेत तितके मिळतच नाहीत, म्हणून दाणा चिरमुटतो. 2022 चा मार्च देशात 1901 पासूनच्या नोंदींत सगळ्यांत उष्ण ठरला. उत्तरेतला गहू ऐन दाणे भरताना होरपळला आणि त्या मे महिन्यात सरकारनं गव्हाच्या निर्यातीवर बंदी घातली. खरं नुकसान झालं होतं दिवसांचं.

अवस्था आधी कळण्याचा फायदा हुरड्यापुरता नाही. गव्हातल्या रुंद पानांच्या तणावर 2,4-डी हे तणनाशक फवारतात. फुटवे पुरे झाल्यावर आणि कांडी धरायच्या आधी फवारलं तर चालतं. कांडी धरल्यावर फवारलं तर कणसं वेडीवाकडी येतात. पुस्तक 30 ते 35 दिवस सांगतं. ऊबदार वर्षी पस्तिसाव्या दिवशी काडीत कणीस तयार होऊ लागलेलं असू शकतं. खात्री करायची तर एक काडी उभी चिरून बघा. बुडाशी गाठ वर सरकलेली दिसली आणि तिच्यावर दोन-तीन मिलिमीटरचा पांढरट शेंडा दिसला, तर पंप घरी ठेवा. ज्वारीचा शेंडा मात्र महिनाभर जमिनीलगत सुरक्षित असतो. तोवर पाला जनावरानं खाल्ला किंवा गारांनी फाटला तरी पीक सावरतं.

आणि पाणी. उरमोडी, टेंभू, म्हैसाळ या सिंचन योजनांच्या आवर्तनाची (पाणी सोडण्याच्या पाळीची) तारीख आपल्या हातात नसते. पण पोटरी कधी येणार हे तीन आठवडे आधी कळलं, तर विहिरीतलं असलेलं पाणी कशासाठी राखायचं हे ठरवता येतं. एकच पाणी देण्याची ऐपत असेल तर ज्वारीला ते पोटरीत द्या, असं मी माझ्या अनुभवावरून सांगेन.

अंदाज करताना झालेल्या दिवसांचे खरे आकडे, पुढच्या पाच दिवसांचा हवामान अंदाज आणि त्यापुढे त्या महिन्याची नेहमीची सरासरी, अशी तीन तुकड्यांची बेरीज करायची. महसूल मंडळनिहाय महावेध हवामान केंद्रांची तापमानं असतात, मेघदूत अॅपवर पुढचा अंदाज मिळतो. संगणकावरची पीक-प्रारूपंही मुळात हेच करतात, फक्त त्यांत दिवसाची लांबी, ओल, वाण असं बरंच काही मिसळतात. जसजसे दिवस सरतात तसतसा अंदाजाचा वाटा कमी होतो आणि तारीख पक्की होत जाते.

बेरीज एकट्यानं पुरत नाही, हेही लिहायला हवं. फुलोऱ्याच्या आधी पाण्याचा फार ताण बसला तर ज्वारी फुलोरा लांबवते, तर ताणातला गहू उलट लवकर उरकतो. पहिले काही आठवडे शेंडा मातीत असतो, तेव्हा हवेपेक्षा मातीचं तापमान खरं. ओढ्याकाठची जमीन रात्री माळापेक्षा गार पडते आणि मंडळाचं केंद्र तुमच्या ओढ्याकाठी नसतं. यावर साधा उपाय म्हणजे डोळ्यांनी पाहिलेली अवस्था तारखेसह लिहायची आणि तिथून बेरीज नव्यानं सुरू करायची. मामांनी निम्मी ज्वारी फुलोऱ्यात आली तो दिवस लिहून ठेवला असता, तर मला पेरणीपासून मोजावं लागलं नसतं. हुरडा फुलोऱ्यानंतर साधारण तीन आठवड्यांनी होतो. तीन आठवड्यांच्या अंदाजात चूक फार झाली तर एका दिवसाची झाली असती, तिथे मी तीन महिन्यांचा अंदाज बांधत होतो.

आता मामांकडे वही आहे. बियाण्यासाठी त्यांनी दोन ओळी राखल्या होत्या, तेव्हा मी पुढचा हिशोब 11 जानेवारीच्या हुरड्यापासून मांडून दिला आणि सांगितलं, की जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात कणसाच्या मधला एक दाणा काढून त्याचं बूड बघत जा. दाणा कणसाला चिकटलेला असतो त्या जागी काळा ठिपका पडला की रोपाकडून दाण्यात जाणारा रस्ता बंद झाला, दाणा पुरा भरला. मग कितीही दिवस रानात ठेवला तरी वजन वाढत नाही, फक्त पाखरांचं भागतं.

29 तारखेला सकाळी मामांनी फोटो पाठवला. तळहातावर पाच दाणे, चारांच्या बुडाशी काळा ठिपका. खाली लिहिलं होतं, "एक राहिलाय. उद्या परत बघतो."